जबड्यातलं भाजलेलं हाड

दाढ काढायला जाणारं माणूस घरी वरण शिजत ठेवून जातं. मीही तशीच गेले. परत आल्यावर गिळायला सोपं जावं म्हणून मायनं वरणात पाणी जरा जास्तच घातलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझी सकाळची पाळी होती. पाळी मी बदलूनही घेतली नव्हती. एका दाढेसाठी कोण पाळी बदलतं! त्यानंतर त्या बोर्डापुढं पुन्हा पहिल्यासारखं बसायला मला वर्षाहून जास्त काळ लागला.

आता मी बरी आहे. डाव्या गालाखाली एक खड्डा राहिला आहे आणि खालच्या ओठाचा अर्धा भाग अजून बधिर आहे. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या भावाला जबड्याचं हाड कुजल्याचं सांगितलं आहे. ती रडत माझ्याकडं येते, रोज तेच विचारते, मी रोज तेच सांगते. सांगून सांगून माझा जबडा दुखायला लागला, म्हणून हे लिहून काढते आहे. तिनं वाचावं, भावाला वाचून दाखवावं, आणि मला थोडी विश्रांती द्यावी.

दाढ

आम्ही मूळचे हिवरखेडचे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या त्या वर्षांत आमच्या वस्तीतली पोरं शाळेला जी चिकटली ती सुटलीच नाहीत, त्यात मीही होते. मॅट्रिक झाले आणि अकोल्याला टेलिफोन खात्यात लागले. आमच्या घरात सरकारी नोकरी पाहिलेली मी पहिली. बाप आधीच गेलेला, म्हणून मायला गावावरून घेऊन आले आणि दोघी एका खोलीत राहू लागलो.

कामाचं सांगायचं तर दिवसभर बोलायचं. कानाला यंत्र, छातीशी बोलायचा भोंगा, समोर भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की दोरी खोचायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." तिकडचा व्यापारी कापसाच्या भावानं तापलेला असो नाहीतर कुणाच्या मयताची बातमी असो, आमचा आवाज एकसारखा गोड हवा. मला ते जमायचं. खेड्यातून आलेली, म्हणून आधी हसलेल्या पोरीसुद्धा पुढं म्हणायच्या, कुसुमचा आवाज तारेवर चांगला वाजतो.

अक्कलदाढ आडवी उगवत होती. दुखायला लागली की मी गाल धरून बसायची. माय म्हणायची, "अक्कल येऊन राह्यली बाई तुले, दुखनारच. इतक्या उशिरा येनाऱ्या पाहुन्याले जागा कोठून भेटन?" मला हसूही यायचं नाही, कारण हसलं की जास्त दुखायचं.

माय

तिच्याबद्दल इथंच सांगायला हवं. मायकडं सगळ्या दुखण्यांवर उपाय असायचा. खोलीत राहायला येऊन महिना झाला नाही तोच गल्लीतल्या बाया तिच्याकडं यायला लागल्या. पोराचं पोट फुगलं, विंचू चावला, दूध येत नाही, डोळे आले. माय ओटा झाडता झाडता उपाय सांगायची, आणि असा सांगायची की समोरचीला अर्धं बरं तिथंच वाटायचं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण तिच्या बोलण्यात "बहुतेक" हा शब्द नव्हता.

आणि एक गोष्ट ती छातीठोक सांगायची : जखमेला पाणी लागू द्यायचं नाही. हे आमच्याकडं सगळेच मानतात. लागलं-कापलं की पहिला सल्ला हाच. पण मायचं निव्वळ ऐकीव नव्हतं. माझ्या बापाच्या तळपायात तुरीचं धसकट घुसलं आणि तो नाल्याच्या पाण्यातून चालत घरी आला. पाय सुजला, काळा पडला, आणि बाप गेला. तो पाण्यानं गेला हे मायनं तिथंच ठरवून टाकलं होतं. तेव्हा तिचं वय आजच्या माझ्यापेक्षा कमी होतं.

यंत्र

दातांचे डॉक्टर मुंबईला शिकून अकोल्यात नवीनच बसले होते. भला माणूस. त्यांच्याकडं विजेवर चालणारं यंत्र होतं, पट्ट्यावर फिरणारं, टोकाला बारीक गिरमिट. ते म्हणाले, दाढ हाडात रुतली आहे, थोडं हाड कोरावं लागेल. सुई दिली, जबडा बधिर झाला. मायनं बाहेर बसायला नकार दिला आणि माझ्या उशाशी उभी राहिली.

यंत्र सुरू झालं. कवटीत कुणी चक्की चालवावी असा तो आवाज. कंपाउंडर काचेच्या पिचकारीतून उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आत सोडत होता. मायनं वाकून पाहिलं. उघडी जखम, रक्त, आणि त्यात पाणी! तिनं कंपाउंडरचं मनगटच धरलं.

"ए बावा! जखमेत पानी काहून टाकून राह्यला?"

डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. "बाई, हे गरम होतं. पाणी लागतंच."

"गरम होते तं जरा थांबत जा. पन पानी नका टाकू. पू धरते. माह्या मालकाचा पाय असाच गेला, तो बी गेला. हे एकच लेकरू हाय मले."

डॉक्टरांनी समजावलं. माय मनगट सोडेना. माझं तोंड चिमट्यानं उघडं, मी काय बोलणार? बाहेर दुखणाईत खोळंबलेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, थोडंच राहिलंय. थांबून थांबून करतो."

आणि आधी त्यांनी खरंच थांबून थांबून केलं. मग दाढ हलायला लागली, आता निघेल, आता निघेल, असं करता करता थांबणं राहून गेलं. मला वास आला. गावाकडं बैलाला डाग देताना येतो तसा, केस आणि शिंग जळल्याचा. तो वास माझ्याच तोंडातून येत होता. मायनंही नाक वर केलं. "काई जळून राह्यलं काय वो?"

"यंत्राचा वास आहे," कंपाउंडर म्हणाला.

दाढ निघाली. घरी जाताना माय खुशीत होती. वाटेत भेटेल त्या बाईला सांगत होती, "डाक्टरले पानी नाई टाकू देल्लं म्या. नाईतं पोरगी गेलीच होती." मी मान डोलावली. मलाही तेव्हा ते खरंच वाटलं.

सूज

सूज येणार हे माहीत होतं. आली, आणि गेली नाही. दुखणं दातासारखं नव्हतं. दात ठणकतो, हे कसं, तर आत खोल कुणीतरी वस्तीला येऊन बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. खालचा ओठ बधिर झाला. चहा पिताना तो हनुवटीवरून ओघळायचा आणि मला कळायचंही नाही. समोरचं माणूस नजर खाली घालायचं, त्यावरून समजायचं.

मायनं लवंगेचं तेल लावलं, हळद भरली, विटकरीचा शेक दिला. तोंड उघडणं कमी कमी होत गेलं, इतकं की एक बोट कसंबसं आत जायचं. ज्वारीच्या कण्यांची पेज गाळून प्यायची, एवढंच जेवण. भूक लागायची आणि गिळायचा कंटाळा यायचा. भुकेचा कंटाळा काय असतो ते आजारी माणसालाच विचारावं.

मग जबड्याखाली गाठ आली, ती फुटली, आणि पू वाहू लागला. त्याला वास होता. एक्सचेंजमध्ये शेजारची खुर्ची हळूहळू लांब सरकत गेली. मी कुणाला दोष देत नाही, मला स्वतःलाच माझ्यापासून लांब बसावंसं वाटायचं. "नंबर प्लीज" म्हणताना माझं मलाच ऐकू यायचं की शब्द ओले होतात. एक दिवस तारेवरचा माणूस खेकसला, "दारू पिऊन बसली का बाई?" त्या दिवशी सुपरवायझर बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाचं यंत्र स्वतः उतरवून घेतलं.

दातांच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, पू कमी झाला, पुन्हा आला. शेवटी त्यांनी खालचे दात बोटानं हलवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अमरावतीला मोठ्या दवाखान्यात दाखवा. उशीर करू नका."

निदान

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो. वाटेत माय डब्यातल्या बायांना माझं दुखणं सांगत होती आणि मी पदरानं गाल झाकून खिडकीकडं तोंड केलं होतं.

सर्जननी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. वयस्क, कमी बोलणारे. हाडाचा एक तुकडा त्यांनी बोटानं दाखवला, बाकीच्या हाडापेक्षा वेगळा, कडेनं काळी रेघ ओढल्यासारखा. "हे हाड मेलं आहे," ते म्हणाले.

माणूस मरतं, जनावर मरतं. अंगातलं एक हाड आपल्या आधी मरून आत पडून राहतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, मेलेलं हाड जिवंत हाडापासून सुटायची वाट पाहायची, सुटलं की काढायचं. घाई केली तर चांगलंही जाईल. पण तोवर जबड्याची खालची कड टिकली पाहिजे. ती मोडली तर ही सगळी बाजू काढावी लागेल.

"मग बोलता येईल?"

"येईल. पण ऐकणाऱ्याला समजेल याची खात्री मी देत नाही. काय काम करता?"

मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दाढ काढताना यंत्र वापरलं होतं ना? त्यावर पाणी टाकत होते का?"

माय माझ्या मागं उभी होती. मी म्हणाले, "आठवत नाही."

"हाड तापलं की मरतं," ते म्हणाले. "कातडी भाजली तर नवी येते. हाडाचं तसं नाही. म्हणून पाण्याची धार लागते. मेलेल्या हाडात मग पू धरतो."

मागून मायचा आवाज आला. "म्या नाई टाकू देल्लं पानी." आणि मग आणखी हळू, "पोरीले काई नका म्हनू. डाक्टरलेबी नका म्हनू. म्या हात धरला होता त्याईचा."

सर्जन तिच्याकडं वळले. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणालात तरी त्यांनी ऐकायचं नव्हतं. चूक त्यांची आहे." मला ते पटलं, आजही पटतं. मायच्या कानात ते शिरलं की नाही कुणास ठाऊक. ती माझ्या गालाकडं पाहत होती, आणि ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढं शब्द गिळला नाही तिचे ओठ नुसतेच हलत होते.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी इंजेक्शन, ड्रेसिंग, दूध, पुन्हा इंजेक्शन. अंगावर टोचायला जागा उरली नाही तेव्हा नर्स म्हणायची, "आज कुठं देऊ, तूच सांग." भीती सगळ्यात जास्त जांभई यायच्या आधी वाटायची. जांभईनं जबडा मोडेल असं वाटायचं. मी हनुवटी तळहातात धरून जांभई द्यायला शिकले. अजूनही तशीच देते, लोक हसतात.

शेजारच्या खाटेवर शेंदूरजनाघाटची एक बाई होती, संत्र्यांच्या बागांवाली. तिच्या घरून टोपली आली की ती सगळ्यांना वाटायची. पहिल्या दिवशी माय तिला आधीच सांगून मोकळी झाली, "आमी बौद्ध आहो, बाई." घेतल्यावर मग जात कळून तोंड वाकडं करणारे मायनं पुष्कळ पाहिले होते.

"मंग?" बागवाली म्हणाली. "बौद्धायले संत्र गोड नाई लागत काय?" आणि तिनं स्वतः सोलून, पिळून, चमच्यानं माझ्या ओठांच्या फटीतून रस सोडला. जखमेला तो असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं. तरी मी आणखी मागितला. कित्येक आठवड्यांनी कशाला तरी चव होती.

पाणी

हाड सुटायला महिने लागणार होते. सर्जन म्हणाले, घरी जा, पण जबड्याखालच्या भोकातून रोज दोन्ही वेळा मिठाचं पाणी पिचकारीनं आत सोडून जखम धुवावी लागेल. स्वतःला जमणार नाही. घरी कोण आहे?

घरी माय होती.

नर्सनं तिला शिकवलं. मायनं पिचकारी हातात घेतली आणि सगळं पाणी माझ्या पोलक्यावर सांडलं. "माह्याच्यानं नाई होत," ती म्हणाली. नर्स चिडली. मी काही बोलू शकत होते, पण बोलले नाही. थकले होते. तिला धीर देण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती हेच खरं, आणि थोडा रागही होता. असू दे म्हणावं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

अकोल्याला आल्यावर तिनं पातेलं घासलं, पाणी उकळलं, झाकून गार केलं. मी भिंतीला टेकून मान तिरपी केली. तिनं डोळे मिटून घेतले. मला म्हणावं लागलं, "माय, डोळे उघड, नाईतं कानात टाकशीन." ती हसली नाही. पण तिनं डोळे उघडले आणि पाणी आत सोडलं.

रोज सकाळी, रोज संध्याकाळी. कधी पाण्याबरोबर तांदळाच्या कणीएवढे हाडाचे कण बाहेर यायचे. ती ते फडक्यावर घेऊन उजेडात पाहायची आणि चुलीत टाकायची. त्या काळात आमचं दोघींचं बोलणं फार झालं नाही. मला धड बोलता येत नव्हतं आणि ती बोलत नव्हती. गल्लीतल्या बाया यायच्या तेव्हा माय पिचकारी पदराआड करायची. मला ते दिसायचं, आणि मी भिंतीकडं तोंड फिरवायची.

तुमच्या घरी असलं दुखणं असेल तर एक सांगते : दुखणाइताला खाट तरी असते. सेवा करणाऱ्याला टेकायलाही जागा नसते. हे मला फार उशिरा कळलं.

तुकडा

उन्हाळा सरता सरता सर्जननी पुन्हा फोटो काढला आणि म्हणाले, सुटलं. गुंगी दिली, जाग आली तेव्हा तोंडात बोळे होते. मी आधी हनुवटीला हात लावला. होती. कड टिकली होती.

काढलेलं हाड त्यांनी बशीत दाखवलं. पिवळट, खडबडीत, चिंचोक्याहून थोडं मोठं. एवढ्याशा तुकड्यानं मला वर्षभर नाचवलं होतं. सर्जन मायला म्हणाले, "जखम किती स्वच्छ होती! तुम्ही धुतलीत म्हणून जबडा वाचला." मायनं मान खाली घातली, शिक्षा ऐकावी तशी.

एक्सचेंजमध्ये परत गेले तेव्हा सुपरवायझर बाई दुसऱ्या खोलीत जाऊन फोन घेऊन बसल्या आणि मला तारेवरून आकडे म्हणायला सांगितले. सात, सहा, साठ, सत्तावीस. बधिर ओठानं "स" सांडत होता. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. मग तारेतून त्यांचा आवाज आला, "उद्या सकाळची पाळी आहे तुझी." मी यंत्र कानावर तसंच ठेवून रडले. त्यांनी ऐकलं असणार.

नंतर

इथं थांबले असते तर ही बऱ्या झालेल्या बाईची गोष्ट झाली असती. पण ऑफिसातल्या त्या मुलीला मी सगळं सांगायचं कबूल केलं आहे.

मायनं त्यानंतर कुणाला उपाय सांगितला नाही. आधी मला वाटलं, दमली असेल. बाया यायच्या, विचारायच्या, माय म्हणायची, "मले नाई मालूम." त्या थट्टा समजून हसायच्या. मग हळूहळू त्यांनी येणं सोडलं. ओटा झाडून झाला की माय तशीच झाडूशी बसून राहायची.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, माय माझ्याकडंच राहिली. मागच्या हिवाळ्यात दुपारी पोरीचा कान ठणकायला लागला. लहानपणी माझा कान दुखला की माय लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडायची. ते मला येतं. तरी मी मुद्दाम विचारलं, "माय, कानात काय टाकू?"

"मले काय इचारतं? दवाखान्यात ने."

मी चिडले. इतक्या दिवसांचं सगळं वर आलं. म्हणाले, "तूच धुतली ना माझी जखम? डॉक्टर काय म्हणाले ते विसरली का? तुझ्या हातानं बरी झाली मी!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हती, रागातही नव्हती. पिठाचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात म्हणाली, "हातानं बरी झाली, हे खरं हाय. पन बिघडली तं माह्या तोंडानं. आता ते बंदच बरं."

मग तिनं पोरीला कडेवर घेतलं, तिच्या कानावर पदर धरला आणि मी पायात चप्पल घालायच्या आत दवाखान्याच्या रस्त्याला लागली.